खाजनापासून सड्यापर्यंत: गोव्यातल्या पक्ष्यांचा आसरा कसा आटला

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातले सुमारे ७५५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्ये म्हणून राखलेला आहे. आकडा अभिमान वाटावा असा आहे. पण नकाशा उघडून ही राखीव क्षेत्रे शोधली की अभिमानाला चिंतेची किनार येते. मोले, खोतीगाव, बोंडला, म्हादई, नेत्रावळी ही सगळी पूर्वेकडच्या डोंगराळ रानात आहेत. खाड्या, खाजने, तळी आणि चिखलाचे किनारे असलेल्या पाणथळ गोव्याच्या वाट्याला एकच अभयारण्य आले आहे. ते चोडण बेटाच्या टोकाला आहे आणि त्याचे क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे. पेडणे, डिचोली आणि मुरगाव या तीन तालुक्यांत एकही अभयारण्य नाही. कातळाचे सडे राखावेत म्हणून तर राज्यात कुठेच अभयारण्य झालेले नाही.

पक्षी मात्र ही वाटणी मानत नाहीत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके गावच्या तळ्यावर उतरतात, तुतवार आणि चिखल्या ओहोटीच्या चिखलात चरतात, चंडोल आणि माळटिटव्या उघड्या सड्यावर अंडी घालतात. या साऱ्या जागा शतकानुशतके माणसांच्या वापरातल्या होत्या आणि तरीही पक्ष्यांच्या होत्या. १९६१ नंतरच्या साठ वर्षांत त्या एकेक करून का हातच्या गेल्या, त्या वाचवण्यासाठी कोण कुठे लढले आणि त्यातून काय उरले, याची ही हकीकत आहे.

बांध, मानस आणि तळी

गोव्याच्या सखल भागाचा बराचसा चेहरा माणसाने घडवलेला आहे. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी या नद्यांत भरतीचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते. या पाण्याला बांध घालून काठची दलदल शेतीखाली आणली, ती खाजन जमीन. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटांत खाजनांचे उल्लेख सापडतात. आज गोव्यात अशी जमीन साधारण १८ हजार हेक्टर असल्याचे मानले जाते.

बांध चिखल, चिरे आणि गवताचा. त्याच्या नदीकडच्या बाजूला लाटांचा मार सोसायला खारफुटीची रांग राखलेली. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दारे उघडतात, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटतात. आतल्या बाजूला पोंय, म्हणजे पाणी आणि मासे साठण्याचा खोलगट भाग, आणि त्यापलीकडे शेते. पावसाळ्यात पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो आणि खारे पाणी सोसणारे भात पिकते. कापणीनंतर काही शेतांत मासे, काहींत भाजी, काहींत नुसते उथळ पाणी.

हे उथळ पाणी म्हणजे पक्ष्यांचे पंगतीचे ताट. बांधाबाहेरच्या खारफुटीत रातबगळे आणि खंड्या, पोंयीत पाणकावळे, भिजलेल्या शेतात बगळे आणि पांढरे शराटी, उघड्या चिखलात सैबेरिया-मध्य आशियाकडून आलेले तुतवार. काही हजार पावलांच्या अंतरात पाण्याची खोली आणि खारेपणा इतक्या वेळा बदलतो की प्रत्येक लांबीच्या चोचीला आपापली जागा सापडते.

गोड्या पाण्याच्या तळ्यांचेही तसेच. जुन्या गोव्याजवळची करमळी, डिचोलीतले मये, सासष्टीतल्या कुडतरीची तळी यांच्यासारख्या जलाशयांचा नातेसंबंध भातशेतीशी होता. करमळीचे तळे तर गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भातासाठीच राखलेले. पावसाळ्यात ते भरायचे आणि सरदाचे, म्हणजे पावसाळी, पीक निघाले की पाणी हळूहळू खालच्या शेतांना सोडायचे. नोव्हेंबरात खोल पाण्यावर अडई आणि तलवार बदके, फेब्रुवारीत घटत्या पाण्यावर कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळावर चिखल्या. तळे आटवण्याची ही शेतकऱ्याची पद्धतच पक्ष्यांचे वेळापत्रक झाली होती.

हा सगळा व्याप सांभाळायची ती गावकरी. पोर्तुगीज राजवटीत तिला कोमुनिदाद हे नाव मिळाले, तिचे अधिकार आक्रसले, पण बांधाची डागडुजी आणि मानशीची राखण यांची जबाबदारी बहुतांशी तिच्याकडेच राहिली. बांधाला भगदाड पडले की गाव धावून जाई, कारण एका बांधामागे साऱ्यांचे भात असे. पक्ष्यांसाठी कोणी काही करत नव्हते. पक्ष्यांना जे मिळाले ते या सामूहिक श्रमाचे फळ होते.

मुक्तीनंतर: जमीन बदलली, जबाबदारी हरवली

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबलेल्या माणसाला हा न्याय मिळायलाच हवा होता. पण खाजनाचा बांध एकट्या कुळाच्या आवाक्यातला नव्हता. कोमुनिदादींचा जमिनीशी संबंध तुटत गेला आणि बांध राखण्याचे काम कुळांच्या संघांकडे आले. अनेक ठिकाणी हे संघ कागदावरच राहिले. कुळाला न्याय मिळाला, पण बांधाला वाली उरला नाही.

त्यात तीन गोष्टींची भर पडली. तरुण पिढी खाण, बंदर, सरकारी नोकरी आणि आखातातल्या पगाराकडे वळली, त्यामुळे शेतावर माणसे कमी झाली. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागला, आणि खारे पाणी मुद्दाम आत घेण्यात काहींचा फायदा दिसू लागला. तिसरी गोष्ट नदीतून येत होती. डिचोली-साखळीकडच्या खाणींतले लोहखनिज बार्जमध्ये भरून मांडवीतून, आणि पावसाळ्यात तोंडाशी समुद्र खवळला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत, तिथून वास्कोच्या मुरगाव बंदरात जात असे. या जड बार्जच्या लाटा दिवसरात्र चिखलाच्या बांधांवर आदळत राहिल्या.

बांध एकदा फुटला आणि वेळेवर बुजवला नाही, की भरतीसोबत खारफुटीची बीजे आत येतात. काही वर्षांत भाताच्या जागी खारफुटीचे रान उभे राहते. रातबगळ्यांची आणि खंड्यांची त्यात सोय होते. उघड्या चिखलावर आणि भिजल्या शेतावर जगणाऱ्या तुतवारांची, शराटींची, पाणटिवळ्यांची मात्र जागा जाते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याची खारफुटी २७ चौरस किलोमीटर नोंदवली आहे. खारफुटी वाढली ही बातमी चांगलीच, पण त्या हिरव्या आकड्यात बुडालेली खाजनेही मिसळलेली आहेत, हे विसरता कामा नये.

याच काळात निसर्गसंरक्षणाची सरकारी सुरुवातही झाली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मोले, खोतीगाव आणि बोंडला ही अभयारण्ये झाली. त्या काळी संरक्षण म्हणजे रान आणि रान म्हणजे मोठी जनावरे, असाच समज देशभर होता. पक्ष्यांची शास्त्रीय मोजदाद नंतर आली. रॉबर्ट ग्रब आणि डॉ. सलीम अली यांचा गोव्याच्या पक्ष्यांवरील लेख १९७६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या निरीक्षकांना तुलनेसाठी एक पाया मिळाला.

२० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, चोडण बेटाच्या पश्चिम टोकाच्या खारफुटीला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य असे नाव देऊन संरक्षण मिळाले. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की समोर हे रान दिसते. समुद्री बगळे, रातबगळे, काळ्या टोपीचा खंड्या, हिवाळी तुतवार, कधी क्वचित छोट्या क्षत्रबलाकासारखा दुर्मीळ पाहुणा अशी इथली ख्याती आहे. गोव्यात पाणथळ जागा पक्ष्यांसाठी राखण्याजोगी आहे, हे सरकार दरबारी प्रथमच मान्य झाले. मात्र राखली गेली ती फक्त खारफुटी. तिच्या आजूबाजूची चोडणची शेते आणि पलीकडची डिचोली तालुक्यातली नार्वे-मयेकडची खाजने, जिथे हेच पक्षी रोज चरायला जातात, ती सीमेबाहेर राहिली. रात्रीच्या मुक्कामाला छप्पर मिळाले, दिवसाच्या भाकरीची हमी मिळाली नाही.

रेल्वेचा भराव

खाजनांचा आणि तळ्यांचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला तो कोकण रेल्वेमुळे. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली वेगाने काम सुरू झाले. कोकणी आणि मराठी मुलखाचे हे जुने स्वप्न होते आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत अनेकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. वाद रेल्वेचा नव्हता, तिच्या मार्गाचा होता. आखलेला मार्ग किनाऱ्याजवळच्या दाट वस्तीतून, खाजनांतून आणि करमळीच्या तळ्याच्या काठाने जात होता. तो पूर्वेकडे, कमी नाजूक भागातून न्यावा अशी मागणी घेऊन आंदोलन उभे राहिले. गोवा फाउंडेशन ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. १९९२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. प्रकल्पाचे सार्वजनिक हित मोठे आहे, हा त्यामागचा विचार होता.

आंदोलन त्यानंतरही थांबले नाही. १९९३ मध्ये केंद्राने या वादाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जी. एल. ओझा यांची समिती नेमली. काही काळ गोव्यातले काम रोखले गेले. शेवटी मूळ मार्गच कायम झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली.

आज करमळी स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला पलीकडेच तळे दिसते. रेल्वे आल्याबरोबर पक्षी नाहीसे झाले नाहीत, आणि आंदोलकांपैकी जाणत्यांचे म्हणणेही तसे नव्हते. त्यांचा मुद्दा पाण्याच्या वाटेचा होता. खाजन हे सपाट आणि एकसंध असते. त्यातून मातीचा उंच भराव टाकला की पाणी मोऱ्यांपुरतेच वाहते. एका बाजूला तुंबते, दुसऱ्या बाजूला सुकते. ही हानी एका रात्रीत दिसत नाही. गाळ साचतो, पाणवनस्पती माजतात, आणि दहा-वीस वर्षांनी कोणालाही नेमके कारण सांगता येत नाही. करमळीचे तळे आज गाळ आणि पाणवनस्पतींशी झुंजते आहे. त्यात रेल्वेचा वाटा किती आणि सोडून दिलेल्या शेतीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. दोन्हींचा आहे एवढे नक्की.

लढा हरला, तरी त्याने भाषा बदलली. तोवर पडीक दलदल समजली जाणारी जमीन ही जिवंत व्यवस्था आहे, हे गोव्याच्या वर्तमानपत्रांत, ग्रामसभांत आणि न्यायालयात पहिल्यांदा इतक्या ठामपणे मांडले गेले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने खारफुटीला कायद्याचे कवच दिलेच होते. ६ जानेवारी २०११ च्या नव्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद आली. खाजनांचे नकाशे करावेत आणि तिथे बांधकामांना परवानगी देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले गेले.

रानाला न्याय, पायथ्याला गाळ

१९९९ च्या पूर्वार्धात गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी त्या अवधीत म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये घोषित केली, प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरहून मोठी. खाणींचे हितसंबंध असलेल्या भागात निवडून आलेल्या सरकारला हा निर्णय घेणे जमले असते का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मोठा धनेश, मलबारी राखी धनेश आणि गोव्याचा राज्यपक्षी असलेला लाल गळ्याचा पिवळा बुलबुल अशा पश्चिम घाटातल्या पक्ष्यांना त्यामुळे सलग रान मिळाले. सह्याद्रीतल्या पक्ष्यांसाठी गोव्याने केलेले हे सर्वांत मोठे काम आहे, आणि त्याचे श्रेय नि:संकोच द्यायला हवे.

पण अभयारण्याची रेघ सत्तरीच्या डोंगरात थांबली आणि डिचोली तिच्या बाहेर राहिली. चीनची पोलादाची भूक वाढली तशी २००० नंतर गोव्याच्या खनिजाची निर्यात झपाट्याने चढली आणि २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या पुढे गेली. एक टन खनिजासाठी त्याच्या कितीतरी पट माती उपसावी लागते. या मातीचे ढिगारे पावसात वाहून खालच्या ओहोळांत, तळ्यांत आणि भातशेतांत उतरले. शिरगाव, मुळगाव, लामगाव, मये या गावांतले शेतकरी लाल गाळाबद्दल वर्षानुवर्षे गाऱ्हाणी मांडत होते. गाळ बसलेल्या शेतात भात खुरटते, बेडूक आणि गोगलगायी मरतात, आणि त्यांच्यावर जगणारे पाणलावे, बगळे, शराटी दुसरीकडे जातात. शेतकऱ्याचे नुकसान पंचनाम्यात येते. पक्ष्याचे कुठेच येत नाही.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि राष्ट्रीय उद्याने-अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नको, असे बजावले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र नव्या लिलावाला सुरुवात झाली, आणि पहिल्याच फेरीत डिचोलीचे आणि शिरगाव-मयेचे खनिजपट्टे होते.

या साऱ्या निवाड्यांत रानाला एक किलोमीटरचे अंतर मिळाले. तळ्याला आणि शेताला मिळाले नाही, कारण ती कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीत नव्हती.

मोपाचा सडा

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला मोपाचे पठार आहे. कोकणातल्या कातळसड्यांसारखाच हा जांभ्या दगडाचा माथा, कडेला झाडी आणि उतारावर झरे. सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो आणि त्यामुळे सरकारी कागदांवर सहज पडीक ठरतो. पहिल्या पावसानंतर तोच कातळ लहान लहान डबक्यांनी आणि गवता-फुलांनी भरून जातो. मलबारी चंडोल, माळटिटवी, धान तिरचिमणी आणि डोंबारी यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर घरटे करतात. त्यांना झाड नको असते, लांबपर्यंत मोकळे दिसणारी जमीन हवी असते. हिवाळ्यात अशा गवतावर स्थलांतरित शिकारी पक्षी घिरट्या घालतात. सड्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरी आणि बागायती जगवते.

गोव्याने पहिला विमानतळ सड्यावरच बांधला होता. वास्कोच्या माथ्यावर दाबोळीला पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये धावपट्टी आखली तेव्हा सड्याचा विचार कोणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते. मोपाच्या सड्यावर दुसरा विमानतळ ठरला तेव्हा ते कारण होते. पर्यावरण संरक्षणाचा कायदा होता, आघात मूल्यांकनाची पद्धत होती, जनसुनावणी होती. मार्च २००० मध्ये केंद्राने मोपाला तत्त्वत: मान्यता दिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये जनसुनावणी झाली आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरणीय मंजुरी मिळाली. एका रहिवाशाने आणि गोव्यातल्या रेनबो वॉरियर्स या संस्थेने तिला आव्हान दिले. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये काही अटी घालून मंजुरी कायम ठेवली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२९ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने मंजुरी स्थगित केली. अर्जात जी माहिती देणे बंधनकारक होते ती नीट दिली नव्हती, हा निकालाचा गाभा होता. आजूबाजूच्या १५ किलोमीटरच्या पट्ट्यातली संवेदनशील क्षेत्रे, सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातली पश्चिम घाटाची जंगले, जलस्रोत यांबद्दल अर्ज अपुरा होता. ५४,६७६ झाडे तोडावी लागणार होती आणि त्याचाही पुरेसा विचार झालेला नव्हता. पर्यावरणाच्या बाबतीतही कायद्याचे राज्य हवे, हे तत्त्व या निकालाने ठळकपणे मांडले. पुढे देशभरच्या खटल्यांत त्याचा आधार घेतला जाऊ लागला.

केंद्राच्या तज्ज्ञ समितीने प्रस्ताव पुन्हा तपासला, जादा अटी घातल्या, आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली. अटींवर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेकडे सोपवले. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात त्याच्या कित्येक पट झाडे लावण्याची अट आहे, आणि ती पाळली जावी. पण झाड लावून सडा परत येत नाही. चंडोलाला आणि माळटिटवीला रोपवाटिकेचा काही उपयोग नाही. उलट दुसऱ्या एखाद्या सड्यावर खड्डे खणून रोपे लावली तर त्यांची तीही जागा जाईल. भरपाईचा सगळा हिशेब झाडांत मांडला गेला, कारण आपल्या कायद्याला रान मोजता येते आणि उघडी जमीन अजून मोजता येत नाही.

मोजणाऱ्यांची पिढी

या पराभवांच्या मधल्या काळात एक चांगली गोष्ट शांतपणे वाढत होती. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होऊ लागली. बार्देशात राहून वर्षानुवर्षे नोंदी करणाऱ्या हाइन्झ लाइनर यांचा गोव्याच्या पक्ष्यांवरील संदर्भग्रंथ २००४ मध्ये गोवा फाउंडेशनने प्रसिद्ध केला. गोवा बर्ड कॉन्झर्व्हेशन नेटवर्कने निरीक्षकांना एकत्र आणले. मोबाइलवर नोंदी करण्याची सोय आली तसे शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कर्मचारी आपापल्या गावच्या तळ्यावरची यादी पाठवू लागले. भाबडे प्रेम आता आकड्यांत बोलू लागले.

देशभरच्या अशा ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत. मोर आणि कोकीळ यांसारखे काही पक्षी वाढले. सर्वाधिक फटका बसला तो माळरानातल्या पक्ष्यांना, शिकारी पक्ष्यांना, बदकांना आणि किनाऱ्यावरच्या स्थलांतरित पक्ष्यांना. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंखसुद्धा बारा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे हा अहवाल सांगतो. माळ, शेत, तळे आणि चिखल: गोव्यात जे अभयारण्याबाहेर राहिले, नेमके तिथलेच पक्षी देशभर सर्वांत वेगाने ओसरत आहेत.

एका निर्णयाने योग्य दिशा दाखवली. २०२२ मध्ये कुडचड्याजवळचे नंदा तळे गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४२ हेक्टर. झुआरीच्या एका उपनदीलगतच्या या तळ्यात पावसाळ्यानंतर पाणी अडवतात, त्यावर खाली भात पिकते, मासे धरले जातात आणि तिथेच अडई, पांढरे शराटी आणि कमळपक्षी राहतात. माणसांना बाहेर काढून हा बहुमान मिळालेला नाही. त्यांनी तळे वापरत ठेवले, म्हणून मिळाला.

हिशेब

साठ वर्षांचा ताळा मांडला तर जमेच्या बाजूला साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपास रान, चोडणची खारफुटी, खाजनांसाठी कायद्यातले एक कलम, आघात मूल्यांकन खरेपणाने व्हायला हवे हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि मोजणारी एक पिढी आहे. खर्चाच्या बाजूला बुडालेली खाजने, गाळाने भरलेली तळी आणि गेलेले सडे आहेत. रेल्वे, खाण आणि विमानतळ यांपैकी प्रत्येकाच्या बाजूने रोजगाराचे आणि सोयीचे खरे कारण होते, आणि ते नाकारून चालणार नाही. चूक झाली ती ज्या जमिनीवर ते उभे राहिले तिला रिकामी समजण्यात.

यापुढे अभयारण्याची नवी रेघ हा एकमेव उपाय नाही. खाजन कुंपण घालून राखता येत नाही. तिथे बांध दुरुस्त करणारे, मानस उघडणारे आणि भात पेरणारे हात लागतात. म्हणून बांधासाठीचा पैसा तो फुटण्याआधी मिळाला पाहिजे, फुटल्यावर नव्हे. २०१७ च्या पाणथळ नियमांखाली गावोगावची तळी अधिसूचित झाली पाहिजेत, आणि पेडण्या-डिचोलीतल्या सड्यांची नोंद पडीक म्हणून होणे थांबले पाहिजे.

त्याची सुरुवात करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. मोपाचा खटला कशावर उभा राहिला, तर कागदावर काय लिहिले नव्हते यावर. आपल्या गावच्या नोंदवहीत तळे, बांध, सडा आणि तिथले पक्षी तारखेसह लिहिलेले आहेत का, हे पुढच्या ग्रामसभेत जाऊन विचारा. नसतील तर लिहायला बसा. पुढचा प्रकल्प येईल तेव्हा ही जमीन रिकामी नाही, हे सांगणारा पहिला पुरावा तोच असेल.